शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाल्यास घरच्यांनी काय करावे

शस्त्रक्रिया पार पडली म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो, आणि दोन-तीन दिवसांतच ताप चढतो, श्वास लागतो किंवा पेशंटला पुन्हा आयसीयूत हलवावे लागते. आता आपल्या हातात काहीच उरले नाही, असे घरच्यांना वाटू लागते. ते खरे नाही. डॉक्टरांच्या आणि नर्सच्या पाळ्या बदलत राहतात, परंतु हा माणूस एरवी कसा बोलतो, किती दुखले म्हणजे कण्हतो, हे फक्त घरच्यांनाच ठाऊक असते. त्यात पडलेला फरक वेळेवर आणि नेमक्या शब्दांत उपचार करणाऱ्यांपर्यंत पोहोचवणे, हे आपले मुख्य काम.

त्यासाठी प्रथम डॉक्टरांशी बोलणारी एकच व्यक्ती ठरवावी. इंदूरमध्ये आपला गोतावळा मोठा असतो. रामबागेपासून सुदामा नगरपर्यंतचे आप्त भेटीला येतात आणि प्रत्येकजण राउंडच्या वेळी आपापली शंका विचारतो, त्यामुळे महत्त्वाचा प्रश्न राहून जातो. इतरांना संध्याकाळी एकदा व्हॉट्सॲपवर कळवले की पुरे. आयसीयूबाहेर गर्दी करू नये आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रेमापोटीसुद्धा चमचाभर काही भरवू नये.

एक वही ठेवावी. ताप किती आणि केव्हा आला, लघवी किती झाली, कोणते औषध सुरू झाले वा थांबले, डॉक्टर काय म्हणाले, हे वेळेसह लिहावे. पोटात नळी असेल, तर पिशवीत उतरणाऱ्या द्रवाचा रंग रोज पाहावा: लालसर द्रव हळूहळू फिकट पिवळसर होत जाणे ही बहुधा चांगली खूण असते, तो अचानक हिरवट, मातकट किंवा दुर्गंधीयुक्त झाला, अथवा एकदम ताजे रक्त दिसले, तर राउंडची वाट न पाहता लगेच सांगावे. आतडे जोडलेले असल्यास जोडातून गळती होण्याचा धोका पहिल्या आठवड्यात विशेष असतो, म्हणून पोट फुगणे, वाढती वेदना आणि वेगाने चालणारी नाडी यांकडे ‘ऑपरेशननंतर असे होतेच’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

१००.४ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, हुडहुडी, धाप, छातीत दुखणे, एकाच पोटरीला सूज, लघवी फार कमी होणे किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी, यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ नर्सला बोलवावे. संसर्ग बळावून अवयवांच्या कामावर परिणाम होऊ लागला, म्हणजेच सेप्सिस झाला, तर एकेक तास मोलाचा असतो. ‘त्यांना बरे वाटत नाही’ एवढ्याने काम होत नाही. ‘काल रात्री मला ओळखत होते, आज पहाटेपासून ओळखत नाहीत’ असे सांगावे. तेवढ्यानेही हालचाल झाली नाही, तर ड्यूटी डॉक्टरांना आणि नंतर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना कळवण्याचा आग्रह धरावा. शांत स्वरात धरलेल्या अशा आग्रहाचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

वयस्कर पेशंटच्या बाबतीत घरच्यांना सर्वांत जास्त हादरवतो तो संभ्रम, ज्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. माझे सासरे पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रात्री सलाईनची नळी ओढत ‘वाड्याचे दार लावून येतो’ म्हणून उठू लागले. दिवसा मात्र बरेचसे नीट बोलत. असे चढउतार, त्यातही रात्री वाढणारे, हे या अवस्थेचे लक्षण आहे आणि ते वेड नव्हे. त्यामागे संसर्ग, वेदना, तुंबलेली लघवी, प्राणवायूची कमतरता किंवा एखादे औषध असू शकते, म्हणून ते लगेच कळवावे. वाद घालू नये. चष्मा आणि कानाचे यंत्र लावून द्यावे, तारीख-वार व आपण कुठे आहोत हे मराठीतूनच हळू आवाजात पुन्हा पुन्हा सांगावे, दिवसा उजेड आणि रात्री अंधार राहील असे पाहावे. सासऱ्यांच्या हातात त्यांचा चष्मा दिला, सासूबाईंनी ‘दार मी लावलंय’ एवढेच सांगितले आणि ते पाठ टेकून झोपले. कारणावर उपचार झाल्यावर बहुतेकांचा संभ्रम ओसरतो, पण काहींना त्यासाठी आठवडे लागतात.

डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: नेमके काय झाले आहे, आजचा उपचार कशासाठी आहे, आणि उद्यापर्यंत काय दिसले तर मार्ग बदलावा लागेल. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आपल्याला हक्क आहे; कागदपत्रांची मागणी केल्यावर ती ७२ तासांत मिळावीत, असा नियम आहे. मुक्काम लांबला की खर्च वाढतोच. पेशंट ७० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर २०२४पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेचे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, म्हणून रुग्णालय त्या योजनेत आहे का, याची पहिल्याच दिवशी चौकशी करावी.

रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. सतत जागलेल्या माणसाच्या नजरेतून नेमके बदल निसटतात.

छातीत कफ साचू नये म्हणून तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र दिलेले असते. ते शक्य तितके बसवून, सांगितल्याप्रमाणे करून घ्यावे, आणि खोकताना टाक्यांवर उशी धरायला सांगावे. डिस्चार्जच्या दिवशी कोणती औषधे बंद झाली, टाके केव्हा काढायचे आणि रात्री त्रास झाल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे वहीत लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नये.