रेडिओवरून टेप केलेल्या जुन्या कॅसेट जपताय? या चुका टाळा

आधी माझीच चूक सांगतो. मामांच्या कपाटात रेडिओवरून टेप केलेल्या तीसेक कॅसेट सापडल्या. विविध भारती, ‘आपली आवड’, रेडिओ सिलोनवरची बुधवारची ‘बिनाका गीतमाला’. कॉम्प्युटरवर उतरवताना मी निवेदन आणि जाहिराती कापल्या, नुसती गाणी ठेवली. ती गाणी आज कुठेही मिळतात. कापलेलं कुठेच मिळत नाही.

कोरी कॅसेट महाग, म्हणून निवेदक बोलायला लागला की पॉज दाबायचा, ही तेव्हा बऱ्याच घरांतली रीत. बोट उशिरा पडल्यामुळे गीतमालेचे निवेदक अमीन सायानींचं अर्धं वाक्य किंवा एखाद्या ‘पायदान’चा, म्हणजे गाण्याच्या क्रमांकाचा, आकडा टेपवर राहून गेला असेल, तर खरा ऐवज तोच. ‘गाण्याची रेकॉर्ड आहेच की’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ झालं तेव्हा त्यात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे असे कितीतरी आवाज होते. नंतर रेकॉर्डवरून घराघरांत पोचलं ते एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजातलं.

दुसरी चूक लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची. मामांच्या एका कॅसेटवर ठसठशीत अक्षरात ‘बिनाका 1955’ आहे. पण कॅसेट हा प्रकारच 1963 साली आला! म्हणजे ते एक तर स्पूलवरून (आधीच्या मोठ्या रिळाच्या टेपवरून) उतरवलेलं, नाहीतर जुनी वर्षं उजळणाऱ्या नंतरच्या कार्यक्रमातलं. ‘सिलोन’ या शब्दावरूनही काळ ठरवू नका. 1972 मध्ये रेडिओ सिलोनचं नाव श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झालं, तरी लोकांच्या तोंडी सिलोनच राहिलं. जाहिराती ऐका. विविध भारतीवर त्या 1967 पासून आल्या, आणि गीतमाला तिथे आली 1989 मध्ये.

आता यंत्राकडे. आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतोय? लगेच कॅसेट खराब ठरवू नका. आधी हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही तसाच असेल तर हेडचा कोन जुळत नसतो. हेडशेजारच्या स्क्रूची मूळ जागा खूण करून ठेवा आणि टेप चालू असताना तो अगदी किंचित फिरवा. ‘स’ आणि ‘श’ खणखणीत ऐकू आले की थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं, कंटाळा करू नका. डॉल्बीचं (खरखर कमी करणाऱ्या सोयीचं) बटण बंद ठेवा, घरच्या टेपिंगला ते सहसा वापरलेलं नसतं.

आवाज मधेच विरत असेल तर फितीमागची फेल्टची गादी गळून पडलेली असते. फीत दुसऱ्या कॅसेटच्या डबीत घाला, काम होतं. फितीवर पांढुरकी बुरी दिसली तर मात्र वाजवून बघायचा मोह टाळा. कोकणात, मुंबईत बुरशी ठरलेलीच. ती यंत्रात शिरते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. सी-120 ची, म्हणजे 120 मिनिटांच्या कॅसेटची, फीत फार पातळ असते, तिला पुढे-मागे पळवू नका. आणि सगळ्यात आधी मागचे दोन्ही प्लॅस्टिकचे कान मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही.

उतरवताना 24 बिट, 48 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल करा. एमपीथ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला. खरखर काढायचीच असेल तर वेगळ्या प्रतीतून काढा. शॉर्टवेव्हची ती शीळ आणि लाटेसारखा चढउतार सिलोनचाच आहे.

आणि उतरवून झालं म्हणून कॅसेट भंगारात देऊ नका. मी दिल्या नव्हत्या, म्हणून सगळं पुन्हा उतरवता आलं. या खेपेला एका निवेदनामागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मामांनी ती कॅसेट रेडिओपुढे माइक धरून टेप केली असणार.