संडासला रक्त पडलं तर आधी काय बघायचं (तांबड्या रश्श्याला नंतर शिव्या घाला)

आपल्या कोल्हापुरात कुणाला संडासवाटे रक्त पडलं की निदान कट्ट्यावरच होतंय, "रस्सा बाधला, मोड (मूळव्याध) आले असणार". मग माणूस लाजंनं सहा महिने कुणाला सांगत नाय आणि मेडिकलमधनं मलम आणून लावत बसतो. बऱ्याचदा मोडच असतात हे खरं, पण दरवेळी नाही, म्हणून फ्लश करायच्या आधी एकदा वाकून नीट बघा, किळस आली तरी.

रक्त लालभडक, परसाकडं झाल्यावर वरनं टपटप पडतंय आणि दुखत काहीच नाही, तर बहुतेक मूळव्याध. शी खड्यासारखी, कुंथताना ब्लेड फिरवल्यागत आग, नंतर तासभर ठणका आणि रक्त मात्र रेघभरच, तर चीर पडली असणार, म्हणजे फिशर. दोन्हीकडं बहुतेक बद्धकोष्ठताच असते. तिखटानं मोड येत नाहीत, असलेली जागा झोंबते एवढंच.

रक्त शीमध्ये मिसळलेलं किंवा गडद मरून असेल तर ते आत वरनं येतंय. सोबत ताप, मुरडा, शेंबडासारखी आव असली की जंतू नाहीतर अमीबा, आणि तेच आठवडेच्या आठवडे चाललं तर आतड्याला सूज, अल्सरेटिव्ह कोलायटिस वगैरे. पॉलिप (आतड्याच्या आत वाढलेला मांसाचा कोंब) आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर सुरवातीला दुखत नाहीत, इथंच लोक फसतात, "दुखत नाही म्हणजे मोडच". आणि मोड असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असं कुठंय?

आता काळी शी. आमचा मामा गुडघ्यासाठी रोज पेनकिलर खायचा, कधी उपाशीपोटीच, आणि शी डांबरासारखी काळी, चिकट, दोनदा पाणी ओतलं तरी भांड्याला धरून बसलेली, वास तर वेगळाच उग्र. घरात सगळे म्हणाले काहीतरी खाल्लं असंल. चार दिवसांनी जिना चढताना धाप लागून मटकन खाली बसला, हिमोग्लोबिन 6. जठरात अल्सर म्हणजे जखम झालेली, रक्त तिथनं यायचं आणि खाली येईस्तोवर काळं पडायचं. लोहाच्या गोळ्यांनी पण शी काळी होते पण अशी चिकट डांबरी नाही, आणि बीट खाल्लं असलं तर लाल दिसतंय, तेवढं आठवून बघा आधी.

डॉक्टरकडं जाताना कागदावर लिहून न्या: कधीपासनं, रंग, दुखतंय का, वजन उतरलंय का, शीची सवय बदललीय का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत. रक्त पातळ करायची गोळी असली तर सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका. बोट घालून आणि प्रॉक्टोस्कोपनं (संडासच्या जागेत घालून बघायची छोटी नळी) तपासतात, दोन मिनिटांचं काम हाय, त्याला लाजून पळू नका. वय 45 च्या पुढं असेल किंवा वर लिहिलेलं काही जुळत असेल तर कोलोनोस्कोपी (खालनं दुर्बीण घालून मोठं आतडं बघणं) सांगतील, त्यात खरा ताप म्हणजे आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध, तपासणी गुंगीत होऊन जाते. भिंतीवर "बिना ऑपरेशन एका इंजेक्शनात मूळव्याध गायब" लिहिलेलं असतंय तिकडं जाऊ नका, आधी रक्त कुठनं येतंय ते तरी कळू दे.

मोड किंवा चीर आहे असं डॉक्टरनं सांगितलं तर कोमट पाण्याच्या टबात दिवसातनं दोन-तीनदा 10-15 मिनिटं बसा, इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या, पालेभाजी वाढवा, आणि मोबाईल बाहेर ठेवून आत जा, रील बघत अर्धा तास बसणारे लई झालेत.

भरपूर रक्त किंवा गाठी पडत असतील, चक्कर येऊन गार घाम फुटत असेल, काळी शी असेल किंवा उलटीत रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका. कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल नाहीतर जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल, थेट कॅज्युअल्टीत. आणि पेशंटला गाडीवर मागं बसवून नेऊ नका, वाटेत चक्कर आली तर पडंल, 108 ला फोन लावा.