उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत कसा टिकवावा

एप्रिल-मे महिन्यांत निघणाऱ्या उन्हाळ कांद्यावरच जूनपासून खरिपाचा लाल कांदा बाजारात येईपर्यंत देशाच्या मोठ्या भागाची भिस्त असते. पारंपरिक साठवणुकीत या काळात ३० ते ४० टक्क्यांपर्यंत कांदा सडून, कोंब येऊन किंवा वजन घटून वाया जाऊ शकतो, आणि त्याबरोबर त्याला दिलेले पाणी, खत व मजुरीही वाया जाते. साठा आटला की दर भडकतात आणि मग सरकार निर्यातीवर निर्बंध आणते. डिसेंबर २०२३ मधली निर्यातबंदी मे २०२४ पर्यंत चालली, हे उत्पादक विसरलेले नाहीत. त्यामुळे चाळीतली, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमधली, नासाडी रोखणे हा साऱ्या कांदा पुरवठ्याचाच प्रश्न आहे.

माझे स्पष्ट मत असे की कांदा टिकणार की नाही, हे चाळीत भरण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. साठवणुकीसाठी भीमा शक्ती, भीमा किरण किंवा एन-२-४-१ यांसारखी टिकाऊ रब्बी जात निवडावी. नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ६० दिवसांच्या आत संपवावा, कारण उशिरा दिलेल्या नत्राने कांद्याची मान (कांदा व पात जोडणारा भाग) जाड होते आणि जाड मान नीट सुकत नाही. काढणीपूर्वी दोन आठवडे पाणी तोडावे व निम्म्या झाडांच्या माना पडल्यावर काढणीस हात घालावा.

काढलेला कांदा लगेच पात कापून ढिगात टाकण्याची घाई सर्वाधिक नुकसान करते. तो वाफ्यातच तीन ते पाच दिवस असा पसरावा की एका ओळीचा कांदा दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकला जाईल. त्यानंतर एक ते दीड इंच मान राखून पात कापावी आणि कांदा सावलीत पातळ थरात १० ते १२ दिवस सुकवावा. मान अंगठा व बोटाच्या चिमटीत दाबून पाहावी: आत ओल किंवा मऊपणा जाणवला नाही, आणि मूठभर कांदे हलवल्यावर वरची पत्ती सळसळली, तर तो चाळीसाठी तयार झाला असे समजावे. जोड कांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेला कांदा), चिंगळी (अगदी बारीक कांदा) आणि काढताना खुरप्याचा घाव बसलेला कांदा चाळीत मुळीच भरू नये, तो त्याच आठवड्यात विकावा.

चाळ बांधताना सारा विचार हवेचा करावा. एक पाखी (एका ओळीची) चाळ दक्षिणोत्तर, तर दोन पाखी (दोन ओळींची) चाळ पूर्व-पश्चिम असावी. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच व फटींचा ठेवावा, म्हणजे खालून शिरलेली हवा ढिगातून वर जाते. ढिगाची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि उंची पाच फुटांच्या आत ठेवावी. जागा वाचवण्यासाठी उंची वाढवली की खालचा कांदा दबतो व मधल्या भागात ऊब धरते. नुसता पत्रा तापतो, म्हणून सिमेंटचे पत्रे किंवा कौले बरी. अनुदान घ्यायचे असल्यास महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच बांधकाम सुरू करावे.

जून ते ऑगस्टमध्ये दमट हवेमुळे सड वाढते, तर ऑक्टोबरच्या सुमारास गारवा सुरू झाला की कोंब फुटू लागतात. लासलगावच्या विकिरण केंद्रात (जिथे कांद्यावर किरणांचा मारा करतात) प्रक्रिया केल्याने कोंब थांबतो, मात्र सड थांबत नाही. त्यामुळे पावसाळ्यातील देखरेखीला पर्याय नाही. दर दोन-तीन दिवसांनी पहाटे चाळीभोवती फिरावे. आंबूस वास, तळाच्या फटीतून ठिबकणारे पाणी आणि त्याभोवती घोंगावणारी चिलटे दिसली, तर तेवढाच भाग मोकळा करून नासका कांदा काढावा. सगळा ढीग उकरल्यास चांगल्या कांद्यालाही मार बसतो.

विक्रीचा निर्णय अंदाजावर सोडू नये. चाळ भरताना २० किलोचे तीन क्रेट मोजून ढिगात ठेवावेत, पंधरवड्याला त्यांचे वजन करावे आणि वहीत नोंदवावे. मे महिन्यात १५०० रुपये क्विंटल दर मिळत असताना साठवलेल्या कांद्यात ३० टक्के घट झाली, तर नुसती बरोबरी साधण्यासाठीही सुमारे २१४३ रुपये दर हवा, आणि मजुरी व व्याज त्याहून वेगळे. म्हणून सगळा माल एकाच तेजीसाठी अडवून न धरता तीन-चार टप्प्यांत विकावा. गावातील गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने या टप्प्यांचे वेळापत्रक मिळून आखले, तर एकाच दिवशी सर्वांच्या ट्रॉल्या लिलावात उभ्या राहत नाहीत आणि ग्राहकालाही महिनोन्‌महिने सारखा पुरवठा होत राहतो.

चाळ रिकामी झाली की जुनी पत्ती व माती झाडून काढावी, नासका कांदा चाळीपासून आणि कांद्याच्या शेतापासून दूर खड्ड्यात पुरावा, आणि पुढच्या रोपवाटिकेसाठी बी घेण्याआधी कोणत्या जातीचे वजन किती घटले, हे वहीत पाहावे.