न्यू-ओलेसुंद: दोन तासांत गाव कसं बघावं

नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं हे गाव ७९ उत्तर अक्षांशाजवळ आहे. विमानात जागा संशोधक आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना, म्हणून आपण उन्हाळ्यात लाँगयरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य शहरातून बोटीनं जायचं.

धक्क्यावर उतरण्याआधी फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा. नुसतं सायलेंट करून भागत नाही. इथल्या अँटेना दूरच्या क्वेसारचे (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे) क्षीण रेडिओ तरंग टिपतात, त्यात तुमचं हेडफोन खुडबुड करतं.

आधी कोळशाच्या गाडीचं छोटं इंजिन बघा. फोटो काढाच, पण गाव या कोळशावरच उभं राहिलं हे विसरू नका. नोव्हेंबर १९६२च्या स्फोटात २१ खाणकामगार गेले, पुढच्या वर्षी खाण बंद. संशोधक आले ते त्यानंतर.

मग हिमाद्री. भारताचं हे संशोधन केंद्र २००८मध्ये सुरू झालं. आत शिरायला मिळत नाही, बाहेरूनच बघायचं. चिनी केंद्राच्या दारातले दगडी सिंह तेव्हा जास्त भाव खायचे, मला मात्र आपली साधी पाटीच आवडली.

सगळ्यात जास्त वेळ ठेवा नॉर्वेचा ध्रुवसंशोधक अमुंडसेन याच्या मनोऱ्यासाठी. ‘नॉर्गे’ हे वायूनं भरलेलं हवाई जहाज (एअरशिप) नांगरण्यासाठी हा लोखंडी सांगाडा उभारला होता. मे १९२६मध्ये इथूनच ते उत्तर ध्रुवावरून अलास्काला गेलं. मनोरा वस्तीबाहेर आहे, त्यामुळे बंदूकवाला गाईड सोबत हवाच. अस्वलं खरीच येतात.

वाटेत कुररी पक्षी डोक्यावर झेपावतात. हात किंवा काठी उंच धरा, ते सर्वांत उंच टोकावर चोच मारतात. आणि रस्ता सोडून शेवाळावर पाय नको.