फॉरेक्स सुरू करायचंय? आधी ते ॲप बंद करा

दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतंच, दादा फॉरेक्स (म्हणजे परकीय चलनाचे सौदे) कुठून सुरू करू, आणि सोबत कुठल्यातरी ॲपचा स्क्रीनशॉट, शंभर डॉलर टाका, पाचशे पट लिव्हरेज (म्हणजे टाकलेल्या पैशाच्या पाचशे पट मोठा सौदा) मिळेल वगैरे. पहिली पायरी म्हणजे ते ॲप डिलीट करणं. चेष्टा नाही. भारतात राहणाऱ्याला ऑनलाइन चलनाचे सौदे फक्त मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा आरबीआयने परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवरच करता येतात, बाहेरच्या ब्रोकरला मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) पाठवणं एलआरएसमधे, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या आरबीआयच्या योजनेत पण बसत नाही आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. आरबीआयच्या साइटवर २०२२ पासून परवानगी नसलेल्यांची अलर्ट लिस्ट आहे ती बघा, पण लिस्टमधे नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं समजू नका.

मी पण शहाणा नव्हतो. ११ हजार टाकलेले अशाच एका ठिकाणी. प्रत्येक वेळी यूपीआय आयडी वेगळा, खातं भलत्याच कोणाच्या नावावर, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. स्क्रीनवर नफा झकास दिसत होता, काढायला गेलो तर म्हणे आधी टॅक्स भरा.

आता रीतसर रस्ता. एनएसई या शेअर बाजारात २००८ पासून डॉलर-रुपयाचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचा सौदा आजच्या ठरलेल्या भावाने) आहेत, नंतर युरो, पाउंड आणि येन पण आले. डीमॅट-ट्रेडिंग खात्यात करन्सी सेगमेंट चालू करून घ्यायचा. पण मे २०२४ पासून रुपयाच्या जोड्यांमधे (डॉलर-रुपया, युरो-रुपया वगैरे) उतरायला तुमचा खरा परकीय चलनाचा व्यवहार असावा लागतो. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवायला लागत नाहीत, म्हणून काहीजण डिक्लेरेशनवर टिक मारून मोकळे होतात, तसं करू नका, व्यवहार खरा पाहिजेच. म्हणजे ज्याला डॉलर यायचेत किंवा द्यायचेत त्याच्यासाठी हे आहे. बाकीच्यांनी वहीत खोटे सौदे लिहून शिकायचं, भाव एनएसईच्या साइटवर फुकट दिसतात. आरबीआयची पॉलिसी, अमेरिकेच्या फेडची मीटिंग, क्रूडचा भाव, या दिवशी काय झालं ते आवर्जून लिहा.

गणित एकदा हाताने करा. एक लॉट, म्हणजे फ्युचर्सचा सगळ्यात छोटा डॉलर-रुपया सौदा, १००० डॉलरचा. भाव १० पैसे हलला की १०० रुपये इकडचे तिकडे. समजा तुम्ही फ्रीलान्सर आहात, पुढच्या महिन्यात १००० डॉलर यायचेत आणि डॉलर पडेल अशी धाकधूक आहे, तर ८८.२० ला एक लॉट विकला (हातात डॉलर नसतानाही फ्युचर्समधे आधी विकून नंतर परत घेता येतो). डॉलर ८७.६० झाला तर बिलाचे ६०० कमी येतील पण फ्युचर्समधे ६०० मिळाले, फिट्टंफाट. (ब्रोकरेज वगैरे सोडून बोलतोय.) उलटं झालं, ८९ गेला, तर फ्युचर्समधे ८०० गेले, बिलात ८०० जास्त मिळणार. ठीक वाटतं ना? गोची अशी की फ्युचर्सचा तोटा रोजच्या रोज खात्यातून कापला जातो आणि क्लायंटचे डॉलर अजून आलेलेच नसतात! म्हणून मार्जिनच्या वर थोडी रोकड ठेवाच, नाहीतर ब्रोकर मधेच सौदा कापून टाकतो आणि मग बिल उघड्यावर.

अजून एक, एक्स्पायरी (फ्युचर्सची मुदत संपायचा दिवस) महिन्याच्या शेवटच्या दिवशी नसते. महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजाचे दिवस आधी, दुपारी साडेबारालाच सौदे बंद होतात. क्लायंट ३० तारखेला पैसे देणारा असेल तर चालू महिन्याचा नाही, पुढच्या महिन्याचा लॉट विका, आणि पैसे जमा झाले की त्याच दिवशी तो लॉट परत घेऊन सौदा बंद करा.