पाणीपट्टीचे दर ठरवताना: पाणीपुरवठा विभागात नव्याने आलेल्यांसाठी

पाणीपुरवठा विभागात रुजू झालात की आज ना उद्या दरवाढीची फाईल तुमच्या टेबलावर येणारच. बहुतेक नगरपरिषदांत मागच्या ठरावाची प्रत काढतात, त्यात दहा-वीस टक्के घालतात आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवतात. हे काम मी बरीच वर्षं केलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की दराच्या आकड्याला हात लावण्याआधी नळ बघून या. कोण किती पाणी वापरतो हे ठाऊक नसताना ठरवलेला दर कमी असो वा जास्त, तो कुणावर तरी अन्याय करतोच.

तरी खर्चाची मांडणी आधी पक्की हवी. धरणातून किंवा नदीतून उचललेल्या पाण्याचं बिल जलसंपदा विभाग पाठवतो. त्याचे घाऊक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. तुरटी, क्लोरीन, पगार, गळती दुरुस्ती, योजनेच्या कर्जाचे हप्ते हे सगळं लेखा विभागाकडे मिळतं. वीज मात्र स्वतः तपासा. १,००० लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सुमारे ०.२७ युनिट लागते. पंप आणि मोटरमधला नाश धरला, तर ०.४५ युनिटच्या आसपास. जॅकवेलवरचं, म्हणजे नदी-धरणातलं पाणी उपसणाऱ्या विहिरीवरच्या पंपांचं, बिल याच्या दुप्पट येत असेल, तर आधी पंप दुरुस्त करायला हवा. जुन्या पंपाचा खर्च नागरिकांच्या पाणीपट्टीत घालणं मला पटत नाही.

गळतीचंही तसंच. केंद्र सरकारच्या सेवा मानकांनुसार ज्या पाण्याचे पैसे मिळत नाहीत ते २० टक्क्यांच्या आत असायला हवं. समजा, तुमच्या गावात ते ४० टक्के आहे. मग विकलेल्या प्रत्येक लिटरचा खर्च शुद्धीकरण केंद्रावरच्या खर्चाच्या १.६७ पट होतो. २० टक्के धरलं तर १.२५ पट. दर १.२५ पटीवर बांधा आणि उरलेली तूट अंदाजपत्रकात नगरपरिषदेच्या नावावर उघड दाखवा. लेखापाल कुरकुर करतील. पण फुटलेल्या पाइपांचे आणि बेकायदा जोडण्यांचे पैसे नेमाने पट्टी भरणाऱ्याने का द्यायचे?

आता घरं. अजूनही अनेक गावांत अर्धा इंची जोडणीला वर्षाची ठरावीक रक्कम असते. टाकीजवळचं घर मोटर लावून हौद भरतं, लाइनच्या शेवटच्या टोकाला जेमतेम चार हंडे येतात, आणि दोघांची पट्टी एकच. यावर मीटरशिवाय खरा इलाज नाही. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापरानुसार वाढणारे दर हे एकत्र करून दाखवलं. लहान गावाला हे झेपत नाही असं कुणी म्हणालं, तर मलकापूरचं उदाहरण सांगा.

मीटर आले की टप्पे ठरवावे लागतात, म्हणजे किती लिटरपर्यंत कोणता दर आणि त्यापुढे कोणता चढा दर. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे मानक आहे. पाच माणसांचं घर धरलं, तर महिन्याला साधारण २० हजार लिटर. गटारयोजना नसलेल्या गावासाठी मानक ७० लिटरचं आहे, म्हणजे साडेदहा हजार. पहिला, सर्वांत स्वस्त टप्पा या हिशेबातून निघाला पाहिजे, शेजारच्या नगरपरिषदेच्या ठरावातून नव्हे.

इथेच एक मोठी गफलत होते. जुन्या वाड्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा: अंगणात एक नळ, दारात एक मीटर, आत सहा बिऱ्हाडं. प्रत्येकाने महिन्याला १० हजार लिटर वापरले, तर मीटर ६० हजार दाखवतो आणि वाडा सगळ्यांत महाग टप्प्यात जातो. पलीकडच्या बंगल्यात चार माणसं आणि बाग. तिथला वापर ३५ हजार. त्याला लिटरमागे वाड्यापेक्षा कमी पडतं! गरिबांसाठी केलेले टप्पे असे गरिबांवरच उलटतात. म्हणून ठरावात स्पष्ट लिहा, की सामायिक जोडणीला टप्प्यांची मर्यादा बिऱ्हाडांच्या संख्येने गुणली जाईल. संख्या घरपट्टीच्या नोंदीवरून घ्या, पण खात्री जागेवर जाऊन करा. भाडेकरूंच्या नोंदी बऱ्याचदा जुन्या असतात.

व्यवसायांच्या बाबतीत ‘बिगरघरगुती’ हा एकच रकाना पुरत नाही. शिंप्याच्या दुकानात दिवसाला दोन बादल्या लागत नाहीत, आणि त्याला लॉजच्या दराने पट्टी लावतात. मी तीन गट सुचवत आलो आहे: फक्त पिण्या-धुण्यापुरतं पाणी वापरणारी दुकानं आणि कार्यालयं, यांना घरगुतीच्या जवळचा दर; हॉटेल, लॉज, रुग्णालय, गाड्या धुण्याची सेंटरं, यांना पूर्ण खर्चाहून थोडा वरचा; आणि बर्फ किंवा पाण्याचे जार विकणारे, ज्यांचा माल म्हणजेच पाणी, त्यांना सर्वांत वरचा. मुंबई महापालिकेत तर झोपडपट्टीपासून तारांकित हॉटेलांपर्यंत दरांची लांबलचक उतरंड आहे.

वरच्या दरालाही मर्यादा असते. तो बोअर आणि टँकरच्या खर्चापलीकडे गेला की मोठे ग्राहक नळ सोडून देतात. मग ज्यांच्या जोरावर घरगुती दर खाली ठेवला होता तेच निघून जातात, आणि वर गावाचं भूजलही उपसलं जातं. तेव्हा टँकरचा स्थानिक भाव विचारल्याशिवाय हा आकडा लिहू नका.

वाढ दहा वर्षांनी एकदम करण्यापेक्षा दरवर्षी थोडी बरी. मुंबईने २०१२ मध्ये वर्षाला जास्तीत जास्त ८ टक्के अशी मर्यादा घालून घेतली. काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा, म्हणजे अंदाजपत्रकाच्या घाईत प्रस्ताव सापडत नाही. सभेपुढे सूत्र ठेवू नका. वाडा, बंगला, शिंपी, लॉज यांची आजची आणि नवी बिलं शेजारी-शेजारी ठेवा. नगरसेवक त्यावर नेमके प्रश्न विचारतात.

आणि पहिलं बिल वाटण्याआधी त्याचा नमुना घेऊन व्हॉल्व्हमनसोबत बसा. लोक दराबद्दल विचारायला कार्यालयात फारसे येत नाहीत. पहाटे व्हॉल्व्ह फिरवायला आलेल्या माणसालाच गाठतात. वाड्याची बिऱ्हाडं कशी धरली आणि चुकली असतील तर अर्ज कुणाकडे करायचा, हे त्याला तिथल्या तिथे सांगता आलं पाहिजे.