छोट्या गेमिंग चॅनेलला प्रदर्शनापूर्वी गेम कसा मिळवता येतो

हजार-दीड हजार सबस्क्राइबर असलेल्या चॅनेलच्या चालकाला बहुधा असे वाटते की, गेम बाजारात येण्याआधी हाती पडणे हा मोठ्या यूट्यूबरांचाच मान आहे. बड्या प्रकाशकांच्या बाबतीत हे बरेचसे खरेही आहे. परंतु दोन-चार माणसांनी मिळून उभ्या केलेल्या स्टुडिओकडे जाहिरातीसाठी पैसा नसतो, आणि आपल्याच प्रकारचे गेम आवडणारे चारशे प्रेक्षक कुणी आणून देत असेल, तर त्या माणसाचे पत्र ते लक्षपूर्वक वाचतात.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात 2013 पासून ‘अर्ली ॲक्सेस’ या नावाने जे गेम दिसतात, ते अपूर्ण अवस्थेत विक्रीला ठेवलेले असतात आणि पैसे भरून कुणालाही घेता येतात. या लेखात ज्याचा विचार केला आहे तो प्रकार निराळा आहे: गेम सर्वांसाठी खुला होण्याआधी स्टुडिओने आपणहून दिलेली ‘की’, म्हणजे गेम आपल्या खात्यात खुला करणारा अक्षरांचा संकेत, किंवा चाचणीतील प्रवेश.

सुरुवात मात्र कुणाच्याही परवानगीची गरज नसलेल्या ठिकाणापासून करावी. स्टीम नेक्स्ट फेस्ट वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर महिन्यांत होतो आणि त्या आठवड्यात अप्रकाशित गेमचे शेकडो डेमो मोफत खेळता येतात. एका गेमला या उत्सवात एकदाच भाग घेता येत असल्यामुळे त्या सात दिवसांत आलेला प्रत्येक व्हिडिओ डेव्हलपरच्या नजरेत भरतो. याशिवाय अनेक गेमच्या स्टीम पानावर प्लेटेस्टसाठी, म्हणजे प्रदर्शनापूर्वीच्या चाचणीसाठी, नाव नोंदवण्याची सोय असते. मोबाइल गेम खेळणाऱ्यांनी प्ले स्टोअरवरील अप्रकाशित गेमचा ‘अर्ली ॲक्सेस’ विभाग पाहत राहावे. आयफोनवरील टेस्टफ्लाइट या ॲपलच्या चाचणी सेवेत एका ॲपला बाहेरचे जास्तीत जास्त 10,000 परीक्षक घेता येतात, म्हणून तेथे नोंदणी लवकर करणे बरे. चाचणीत प्रवेश मिळाला म्हणजे चित्रीकरणाची परवानगी मिळाली असे नव्हे; ती वेगळी विचारून घ्यावी.

खरे काम डेमो खेळून झाल्यावर सुरू होते, आणि बहुतेक जण नेमके तेथेच थांबतात. एकच प्रकार निवडावा, उदाहरणार्थ कोडी किंवा शेतीचे गेम, आणि त्या प्रकारातील तीन-चार डेमोंवर त्याच आठवड्यात व्हिडिओ करावेत. नंतर व्हिडिओचा दुवा स्टुडिओला पाठवताना खेळताना आढळलेल्या चुका वेळेच्या नोंदीसह कळवाव्यात: कोणत्या मिनिटाला पात्र भिंतीत अडकले, कोणती सूचना समजली नाही, नवखा माणूस कोठे कंटाळला. माझ्या मते ही चुकांची यादी स्तुतीच्या दहा वाक्यांपेक्षा अधिक मोलाची ठरते, कारण प्रदर्शनापूर्वी डेव्हलपरला तिचीच सर्वाधिक गरज असते. शक्य असल्यास त्यांच्याकडून आपल्या चॅनेलची खूण असलेला स्टीमचा यूटीएम दुवा मागून घ्यावा. त्या दुव्यावरून किती जण गेमच्या पानावर आले आणि किती जणांनी तो विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, टाकला, हे स्टुडिओला दिसते. तुमची ताकद सबस्क्राइबरच्या आकड्यावरून न जोखता या नोंदीवरून जोखली जावी, यातच छोट्या चॅनेलचे हित आहे.

पुढच्या गेमसाठी की मागताना ईमेल छोटा ठेवावा. चॅनेलचा दुवा, त्याच प्रकारच्या गेमवरील दोन व्हिडिओ, अलीकडच्या व्हिडिओंचे सरासरी व्ह्यूज, प्रेक्षकांची भाषा आणि व्हिडिओ कधी प्रसिद्ध कराल ती तारीख, एवढे पुरे. आकडे फुगवू नयेत आणि मराठी प्रेक्षक असल्याचे संकोचाने लपवू नये. ‘राजी’ हा गेम करणारे नॉडिंग हेड्स किंवा ‘इंडस’ करणारे सुपरगेमिंग हे स्टुडिओ पुण्यातलेच आहेत. अशा ठिकाणी मराठी चॅनेलची ओळख मुद्दाम ठळकपणे सांगावी. यूट्यूबरांच्या नावाने खोटे ईमेल करून की उकळणारे आणि त्या परस्पर विकणारे लोक पुष्कळ असल्याने डेव्हलपर साशंक असतात. म्हणून ईमेल त्याच पत्त्यावरून पाठवावा, जो चॅनेलच्या माहितीत जाहीर केलेला आहे. कीमेलर आणि लर्किट यांसारख्या सेवा चॅनेल जोडून घेऊन ही खातरजमा स्वतःच करतात, त्यामुळे तेथेही खाते उघडून ठेवावे.

उलट दिशेनेही सावध राहावे. ‘आमचा नवा गेम तपासून पाहा’ असे सांगून आलेली झिप किंवा इएक्सई फाइल उघडल्याने ब्राउझरमधील कुकी (लॉगिनची साठवलेली नोंद) चोरीला जाऊन अनेकांची चॅनेल हातची गेली आहेत. स्टीमची की पाच-पाच अक्षरांच्या तीन गटांची असते आणि ती स्टीममध्येच वापरायची असते; अनोळखी माणूस त्याऐवजी फाइल पाठवत असेल, तर ती उघडूच नये.

की मिळाल्यावर तिच्यासोबतचा एम्बार्गो, म्हणजे अमुक वेळेआधी काहीही दाखवायचे नाही ही अट, नीट वाचावी. वेळ बहुधा परदेशी घड्याळाप्रमाणे दिलेली असते. ती भारतीय वेळेत बदलून लिहून ठेवावी, कारण तासाभराच्या चुकीनेही स्टुडिओचा विश्वास जाऊ शकतो. गेम मोफत मिळाला असेल तर तसे सांगणे आवश्यक आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा खुलासा केवळ वर्णनात देऊन भागत नाही. तो व्हिडिओत दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. व्हिडिओ मराठीत असेल तर ‘हा गेम आम्हाला स्टुडिओकडून विनामूल्य मिळाला आहे’ हे वाक्य पहिल्या मिनिटातच मराठीत बोलावे. गेम आवडला नाही तरी कारणे देऊन तसे सांगावे. काही अडचणीमुळे व्हिडिओ होणारच नसेल, तर ते प्रदर्शनाच्या तारखेआधी स्टुडिओला दोन ओळींत कळवावे आणि न वापरलेली की दुसऱ्या कुणाला न देता ती रद्द करण्यास सांगावे.